रनफ्लॅटवाल्या गाडीला स्टेपनी कशी शोधायची, खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला आता बीएमडब्ल्यू आणि मिनी बऱ्यापैकी दिसून राहिल्या, त्यातल्या बऱ्याच सेकंड हॅन्ड, मुंबई-पुण्याहून आणलेल्या. गाडी घेताना माणूस इंजिन बघतो, सनरूफ बघतो, सर्व्हिस हिस्टरी बघतो, पण डिक्कीतली फळी उचलून खाली स्टेपनी आहे का ते बघायचं राहून जातं. आणि बऱ्याचदा तिथे स्टेपनी नसतेच, बॅटरी असते नाहीतर थर्माकोलचा ट्रे असतो, कारण कंपनीने गाडी रनफ्लॅट टायरवर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरवर विकलेली असते. अशा गाडीला नंतर स्टेपनी बसवता येते, फक्त ती नीट बघून शोधावी लागते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी रनफ्लॅट किती साथ देतो ते बघू. त्याची साइडवॉल आतून जाड रबराने भरलेली असते त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी टायर रिमवर उभा राहतो आणि कंपन्या साधारण ८० किमी अंतर, ८० च्या स्पीडने, असं सांगतात. हे ८० किमी सुद्धा गाडीत किती माणसं, किती सामान, किती ऊन यावर कमी-जास्त होतं. आता मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, रस्ता तापलेला, गाडीत पाच माणसं आणि लग्नाचं सामान, अशात पूर्ण ८० किमीचा भरवसा धरू नका. आणि धरला तरी ८० किमीत पोचणार कुठे? धुळ्याहून नाशिक दीडशे किमीच्या पुढे, जळगावहून संभाजीनगर तेवढंच. तोरणमाळहून खाली शहाद्याला आलात तरी तिथे तुमच्या साइजचा रनफ्लॅट दुकानात तयार असेल असं नाही, बहुतेक वेळा मागवावाच लागतो आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहते.

दुसरं म्हणजे रनफ्लॅट फक्त हवा गेली तर उपयोगाचा. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीत खड्ड्यात चाक आदळून साइडवॉल फाटली, नाहीतर अलॉयला, म्हणजे मिश्रधातूच्या रिमला तडा गेला तर तो ८० किमीचा हिशेबच लागू होत नाही. रनफ्लॅटची साइडवॉल कडक असल्यामुळे खड्ड्याचा मार टायर कमी पितो आणि रिमवर जास्त जातो, त्यामुळे अलॉय वाकणं, तडकणं हे या गाड्यांना जास्त होतं. तिथे पंचर किट, हवेचा पंप, जेल काहीच कामाला येत नाही, पूर्ण चाकच बदलावं लागतं. मला विचाराल तर आपल्या भागात स्टेपनी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण पंचर नाही, हे आहे.

कायद्याचं म्हणाल तर त्याची भीती नाही. २०२० साली केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, ट्यूबलेस टायर, हवेचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे कंपनीने दिली नाही यात बेकायदा काही नाही, पण रस्ता आपला आहे तर सोय आपणच करायची.

आता कामाला लागू. पहिले डिक्की रिकामी करा, फळी उचला, खाली बघा. काही मॉडेलला भारतात रनफ्लॅट असूनही छोटी स्टेपनी दिलेली असते आणि आधीच्या मालकाने ती काढून ठेवलेली असते, तसं वाटलं तर त्याला एक फोन करून विचारा, घरी गोडाऊनमध्ये पडलेली असू शकते. मग टायरची साइडवॉल वाचा. बीएमडब्ल्यूच्या रनफ्लॅटवर आरएससी लिहिलेलं असतं, ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, मर्सिडीजसाठी बनवलेल्यावर एमओई. यातलं किंवा रनफ्लॅट असं काहीच लिहिलेलं नसेल तर आधीच्या मालकाने बहुतेक साधे टायर टाकलेत, आणि मग तर तुमच्याकडे ना रनफ्लॅट ना स्टेपनी, अशा गाडीने उद्या लांबचा प्रवास करू नका, आधी चाकाची सोय करा. साधे टायर टाकण्यात चूक काही नाही, गाडी मऊ चालते आणि टायर स्वस्त पडतात, पण मग स्टेपनी हवीच.

स्टेपनी शोधताना सगळे टायरच्या साइजपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोटाळा होतो. टायर नंतर, आधी रिम. रिमच्या बाबतीत चार गोष्टी जुळायला पाहिजे: पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि ब्रेक कॅलिपरला जागा. एक जरी जुळली नाही तर ती स्टेपनी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. जुन्या बीएमडब्ल्यूला, म्हणजे ई ९०, एफ ३०, एफ १० वगैरेला (हे कंपनीचे पिढीचे कोड) ५ बाय १२० असतं, म्हणजे पाच बोल्ट आणि १२० मिमीचं वर्तुळ. २०१४-१५ पासून एक-एक मॉडेल ५ बाय ११२ वर गेलं, जी २० थ्री सिरीज, जी ३० फाइव्ह सिरीज, एफ ४८ एक्स वन हे सगळे ११२ वाले. मर्सिडीज आणि ऑडी पण ११२. जुनी मिनी आर ५६ चार बोल्टची, ४ बाय १००, आणि २०१४ नंतरची एफ ५६ पाच बोल्टची ५ बाय ११२. म्हणजे नुसतं "थ्री सिरीजची स्टेपनी द्या" म्हणून चालत नाही, कुठल्या पिढीची ते सांगावं लागतं, एफ ३० ची स्टेपनी जी २० ला बसतच नाही.

इथे एक धोका नीट समजून घ्या. इनोव्हा, क्रेटा या गाड्या ५ बाय ११४.३ वाल्या आहेत. ११२ आणि ११४.३ मधला फरक डोळ्याला दिसत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर ११२ ला ६५.८ मिमी येतात आणि ११४.३ ला ६७.२ मिमी, दीड मिमीसुद्धा फरक नाही. त्यामुळे गॅरेजवाला क्रेटाचं चाक लावून बघतो, दोन बोल्ट लागतात, तिसरा थोडा तिरका जातो, पान्याने जोर लावला की तोही जातो, आणि तो म्हणतो बसलं भाऊ, काही टेन्शन नाही. पण ते बसलेलं नसतं. बोल्ट तिरका ओढला गेलेला असतो, चाक हबवर (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) सपाट टेकलेलं नसतं आणि चालता चालता बोल्ट ढिला होतो नाहीतर तुटतो. घरी स्वतः मोजायचं असेल तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्निअरने घ्या आणि १.७ ने गुणा, पाच बोल्टच्या चाकाला साधारण पीसीडी येतो. पण हे फक्त १२० की ११२ एवढं कळायला, ११२ आणि ११४.३ वेगळं करायला रिमवर छापलेला किंवा पार्ट नंबरवरून काढलेला आकडाच धरा.

मधलं भोक म्हणजे सेंटर बोअर. ५ बाय १२० वाल्या बीएमडब्ल्यूचं ७२.६ मिमी, ५ बाय ११२ वाल्यांचं ६६.६. आपल्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया, सुपर्ब बऱ्याच आहेत, त्यांची स्टेपनी पण ५ बाय ११२, म्हणून लोक ती आणतात, पण तिचं भोक ५७.१ चं, बीएमडब्ल्यूच्या हबवर ती चढतच नाही. मग कोणीतरी सुचवतं की एमआयडीसीत लेथवर भोक मोठं करून घेऊ. करू नका. त्या डिस्कची ताकद मधल्या भागातच असते आणि तिथलंच लोखंड तुम्ही साडेनऊ मिमी व्यासाने खाऊन टाकणार, ते चाक उद्या घाटात तुमच्या घरच्या माणसांना घेऊन उतरणार आहे. भोक उलट मोठं असेल तर हब रिंग टाकून काम होतं, ती अॅल्युमिनियमची आणि बरोबर मापाची घ्यायची.

ऑफसेट म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं त्याचं माप, रिमच्या मागच्या बाजूला ईटी असं लिहून पुढे आकडा असतो. तो मूळ चाकापेक्षा फार जास्त असेल तर चाक आत सरकतं आणि स्ट्रटला किंवा सस्पेन्शनला घासू शकतं, फार कमी असेल तर बाहेर येऊन मडगार्डला लागतं. छोटी स्टेपनी अरुंद असल्यामुळे इथे थोडी सूट मिळते, पण जवळपासचा आकडा बघा. म्हणूनच मर्सिडीजची स्टेपनी नव्या बीएमडब्ल्यूला पीसीडी आणि भोकाने जुळली तरी डोळे झाकून घ्यायची नाही.

कॅलिपर म्हणजे ब्रेकचा तो मोठा ठोकळा. पुढच्या चाकाचा ब्रेक मोठा असतो. १६ इंची स्टेपनी मागे आरामात बसते आणि पुढे कॅलिपरला अडते असं नेहमी होतं, मोठ्या इंजिनच्या किंवा एम स्पोर्ट ब्रेकवाल्या गाडीला तर १७ इंची पण अडू शकते. त्यामुळे ट्रायल नेहमी पुढच्या चाकाला घ्यायची. पुढे बसली तर मागे ब्रेकला बहुतेक अडत नाही, तरी मागेही एकदा लावून बघाच.

आता बोल्ट, ज्याकडे कोणीच बघत नाही. या गाड्यांना नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. जुन्या ई ९० ला एम १२ बाय १.५ चे (म्हणजे १२ मिमी जाडीचे, १.५ मिमी आट्याचे), एफ ३० आणि नंतरच्या बीएमडब्ल्यूला एम १४ बाय १.२५ चे, मर्सिडीजला एम १४ बाय १.५ चे. बीएमडब्ल्यूच्या बोल्टचं बसायचं टोक शंकूसारखं निमुळतं असतं, मर्सिडीज आणि ऑडीचं गोल. शंकूचा बोल्ट गोल खाचेत घट्ट झाल्यासारखा वाटतो पण फक्त एका कडेवर टेकलेला असतो. रिम ज्या बोल्टसाठी बनली त्याच आकाराच्या टोकाचे बोल्ट लागतात. आणि लांबी बघा. अलॉय जाड असतं म्हणून त्याचे बोल्ट लांब असतात, लोखंडी स्टेपनीची डिस्क पातळ असते. अलॉयचा लांब बोल्ट पातळ डिस्कला लावला की मागून जास्त बाहेर येतो आणि काही गाड्यांत तो मागच्या ब्रेकच्या पार्टला जाऊन टेकतो. स्टेपनीसोबत तिचे स्वतःचे बोल्ट मागा, नसतील तर वेगळे घ्या. तपासायची सोपी पद्धत: मूळ अलॉय लावून बोल्ट हाताने किती फेरे आत जातो ते मोजा, मग स्टेपनी लावून मोजा. फेरे कमी असले तर पकड कमी, धोका. जास्त असले तर मागे कुठे टेकतोय का ते चाक हाताने फिरवून बघा.

रिमचं ठरलं की टायर. छोट्या स्टेपनीवर टी १३५/८० आर १७ असं काहीतरी लिहिलेलं असतं, टी म्हणजे टेम्पररी, तात्पुरती. तिची उंची मूळ चाकाच्या जवळपास पाहिजे. हिशेब सोपा आहे, रुंदीला त्या टक्क्याने गुणा, दुप्पट करा, आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवा. समजा तुमचा टायर २२५/४५ आर १८ आहे. २२५ चे ४५ टक्के १०१.२५, दुप्पट २०२.५, रिम ४५७.२, एकूण ६५९.७ मिमी. टी १३५/८० आर १७ चा तसाच हिशेब केला तर ६४७.८ येतो, १२ मिमी कमी, म्हणजे पावणेदोन-दोन टक्के, चालतं. टी १२५/८० आर १७ घेतला तर ६३१.८, चार टक्क्यांच्या वर फरक, तो सोडून द्या. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतोच, दुकानदारासमोर उभं राहून हिशेब करा, लाजायचं काही नाही.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, म्हणजे बहुतेक जुन्या थ्री आणि फाइव्ह सिरीज, तर छोटी स्टेपनी शक्यतो पुढे लावा. मागचं चाक पंचर झालं तर पुढचं चांगलं चाक काढून मागे आणि स्टेपनी पुढे. कष्ट डबल आहेत पण दोन वेगळ्या उंचीची चाकं डिफरन्शियलवर (दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) सतत ताण देतात, ते टळतं. हे फक्त चारही टायर एका साइजचे असतील तरच. काही एम स्पोर्ट गाड्यांना पुढे २२५ आणि मागे २५५ असतात, तिथे चाकं अदलाबदल करायची नाही, स्टेपनी आहे तिथेच लावून हळू चालायचं. आणि चारही चाकांवर चालणारी एक्सड्राइव्ह किंवा क्वाट्रो असेल तर उंचीच्या फरकाला फार जपा, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) खर्च फार मोठा असतो. अशा गाडीला मी छोटी स्टेपनी सुचवत नाही, त्याच साइजचं पूर्ण चाक घ्या. सेकंड हॅन्ड अलॉय एक सुटं बऱ्याचदा मिळतं, कोणाची तीन खराब झालेली असतात आणि एक राहिलेलं असतं, डिझाइन वेगळं असलं तर काय बिघडलं. त्यावर साधा टायर टाका, रनफ्लॅट नको, स्टेपनीला रनफ्लॅट टाकण्यात पैसा आणि वजन दोन्ही वाया.

मिळणार कुठे? पहिला फोन तुमच्या कंपनीच्या जवळच्या डीलरच्या पार्ट काउंटरला. जळगाव-धुळेवाल्यांना नाशिक, संभाजीनगर, नंदुरबार-नवापूरवाल्यांना सुरत, शिरपूर-चोपड्याकडच्यांना इंदूर पण धरून चला. आरसीवरचा चेसिस नंबर द्या आणि विचारा की या गाडीला कुठल्याही देशात इमर्जन्सी व्हील पार्ट आहे का, असेल तर पार्ट नंबर द्या. नवीन घेतलं नाही तरी तो पार्ट नंबर फार कामाचा, जुन्या बाजारात तोच नंबर घेऊन जायचं. रिमच्या मागे कोरलेला नंबर आणि हा नंबर जुळला की पीसीडी-ऑफसेटची अर्धी डोकेदुखी संपली.

जुन्या पार्टचा मोठा बाजार मुंबईत कुर्ल्याचा आणि दिल्लीला मायापुरीचा. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन साइटवर आणि त्या गाडीच्या मालकांच्या ग्रुपवर पण नियमित येतात, ज्यांनी अपघातात गेलेली गाडी मोडली ते स्टेपनी सुटी विकतात. कुर्ल्याला ओळखीचं कोणी असेल तर त्याला फोटो पाठवायला लावा, पण कुठले फोटो ते नीट सांगा: रिमची मागची बाजू नंबर दिसेल असा, टायरच्या साइडवॉलवरची साइज, तारखेचे चार आकडे, आणि बोल्ट. माल पसंत पडला की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येतं, सकाळी स्टॉपवरून उचलायचं. पाठवणाऱ्याला आधी पूर्ण पैसे देऊ नका, ओळखीचा माणूस जाऊन बघतोय तोपर्यंत थांबा. परदेशातून किट मागवायचा विचार असेल तर भाडं आणि कस्टम धरून हिशेब करा, सहसा परवडत नाही.

तारखेचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी स्टेपनी बघितली की नक्षी एकदम कोरी असते, रबराचे केस पण तसेच असतात, आणि दुकानदार तेच दाखवतो, बघा साहेब एकदाही रस्त्याला लागली नाही. पण रबर नुसतं पडून पण म्हातारं होतं, त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात बंद डिक्की भट्टीसारखी तापते. दहा वर्षांच्या वरचा टायर, कितीही कोरा दिसो, घेऊ नका. नखाने साइडवॉल दाबून वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर सोडा. रिम चांगली आणि पार्ट नंबर बरोबर असेल तर भाव पाडून घ्या आणि टायर नवीन टाका, त्या साइजचा तात्पुरता टायर टायरवाल्याला ऑर्डर द्यावा लागेल, थोडं थांबा पण जुना वापरू नका.

स्टेपनी घरी आली की रस्त्यावर गरज पडायची वाट बघू नका, अंगणात ट्रायल घ्या. पुढचं चाक काढा, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, स्टेपनी लावा. हबवर ती हाताने पूर्ण आत गेली पाहिजे, ठोकावी लागली तर चुकीची आहे. पाचही बोल्ट आधी हाताने लावा, पाना नंतर. मग चाक हाताने सावकाश फिरवा आणि कान लावून ऐका. ब्रेक पॅडचा हलका एकसारखा आवाज येतो तो वेगळा, आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी खट किंवा खर्र होतं ते वेगळं, ते कॅलिपर लागतंय. रिम आणि कॅलिपरच्या मधून जाड पुठ्ठा फिरला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून परत बघा. मग जॅक काढून गल्लीत हळू एक चक्कर मारा. हेच मागच्या चाकाला.

जॅक आणि पाना सुद्धा नसतो हे लक्षात घ्या, रनफ्लॅट गाडीला कंपनी बहुतेक वेळा दोन्ही देत नाही. गाडी बुटकी असल्यामुळे ट्रकचा बाटली जॅक खाली जातच नाही, त्यात पंचर झाल्यावर ती अजून खाली बसते. बुटका सिझर जॅक घ्या आणि बसलेल्या गाडीखाली तो जातो का ते आधी बघून घ्या. बीएमडब्ल्यूला खाली चार ठिकाणी काळे रबरी ठोकळे असतात, जॅक तिथेच लावायचा, दुसरीकडे लावला तर खालचा पत्रा दबतो. सोबत दीड-दोन फूट लांब जाड लाकडी फळी ठेवाच. आपल्याकडे रस्त्याची साइडपट्टी काळ्या मातीची, पावसाळ्यात यावल-रावेर पट्ट्यात किंवा शहाद्याकडे गाडी खाली घेतली की जॅक गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच मातीत रुततो. फळी असेल तर वजन पसरतं. चाकाला कुलूपवाला बोल्ट असेल तर त्याची चावी गाडीत आहे का ते आजच बघा, सेकंड हॅन्ड गाडीत ती हमखास हरवलेली असते, आणि ती नसेल तर हायवेवर कितीही चांगली स्टेपनी असून चाक निघणार नाही. अजून एक छोटी वस्तू, गाईड पिन. बोल्टच्या गाडीला चाक टांगायला काही नसतं, एका हाताने जड चाक धरून दुसऱ्या हाताने भोक जुळवावं लागतं. त्याच आट्याची एक लांब पिन हबमध्ये फिरवून ठेवली की चाक तिच्यावर अडकवता येतं. घरच्या बाईमाणसाला किंवा वयस्कर माणसाला चाक बदलायची वेळ आली तर तिचा फार आधार होतो.

डिक्कीत ठेवायला बऱ्याचदा खड्डाच नसतो, तिथे बॅटरी असते, मग स्टेपनी वर आडवी ठेवावी लागते. नुसती ठेवू नका. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर ते पंधरा-वीस किलोचं चाक मागच्या सीटवर जाऊन आदळतं आणि तिथे पोरं बसलेली असतात. डिक्कीतल्या हुकांना रॅचेट पट्ट्याने घट्ट बांधा, हाताने हलवून बघा. आणि काढलेलं पंचर चाक ठेवायची जागा पण विचारात घ्या, २५५ चं रुंद चाक स्टेपनीच्या जागेत मावत नाही, त्यासाठी एक जुनी गोधडी किंवा मोठं पोतं ठेवा म्हणजे सीट खराब होत नाही.

छोट्या स्टेपनीत हवा ६० पीएसआय लागते, साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. नेमका आकडा तिच्या साइडवॉलवर असतो. पंपावरचा पोरगा सवयीने ३२-३३ टाकून मोकळा होतो, त्याला ६० सांगितलं की तो दोनदा विचारतो, तुम्ही ठाम सांगा. दर एक-दोन महिन्यांनी सकाळी थंड असताना चेक करा. गाडीतला १२ व्होल्टचा पंप घेताना तो ६० पर्यंत जातो का ते बघून घ्या.

वेळ आलीच तर गाडी सपाट जागी, रस्त्यापासून लांब घ्या, ट्रॅफिकच्या बाजूचं चाक असेल तर थोडं पुढे जाऊन ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात करा, रनफ्लॅटची ती सवलत वापरा. हायवेवर केळीचे, कापसाचे ट्रक रात्री कसे चालतात ते सांगायला नको. त्रिकोण मागे लांब ठेवा. पार्किंगवर टाकून हँडब्रेक ओढा, जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. बोल्ट चाक जमिनीवर असताना ढिले करा, मग उचला. बसवताना एक सोडून एक असे आळीपाळीने आवळा. बीएमडब्ल्यूच्या एम १४ ला १४० न्यूटन मीटर, एम १२ ला १२० लागतात, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल तर हाताच्या पान्याने पक्के आवळा, त्यावर पाय देऊन उभे राहू नका, आणि पहिल्या गॅरेजला टॉर्क पान्याने चेक करून घ्या. साधारण ५० किमीनंतर परत एकदा आवळायचे. स्टेपनीत सेन्सर नसतो म्हणून डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागून राहील, घाबरायचं काम नाही. ८० च्या वर जायचं नाही, घाटात त्याहून कमी, आणि ब्रेक आधीपासून हळू लावायचे कारण अरुंद टायरची पकड कमी असते.

काढलेला रनफ्लॅट चौफुलीवरच्या पंचरवाल्याकडे नेला तर तो बहुतेक म्हणेल, "भाऊ, हाई टायर आपला मशीनवर निंघत नही." त्याचं म्हणणं खरं असतं, ती साइडवॉल एवढी कडक असते की साध्या मशीनवर जबरदस्ती केली तर टायरची कड फाटते आणि अलॉयला चरे पडतात. हेल्पर आर्मवालं मोठं मशीन असलेल्या दुकानातच न्या. तिथे टायर उतरवल्यावर आतून बघायला मागा. आत काळी रबराची भुकटी दिसली किंवा साइडवॉलच्या आतून गोल घासल्याची रेघ दिसली तर तो टायर हवा नसताना चालला आहे, त्याला पॅच मारून घेऊ नका, बदला. आत एकदम स्वच्छ असेल, खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिमीच्या आत असेल तर आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडी भोकात जाते तो) मारून चालतं, नुसती बाहेरून स्ट्रिप नको.

नवा टायर यायला चार दिवस लागणार असतील तर तेवढे दिवस छोट्या स्टेपनीवर रोज जळगाव-भुसावळ करत बसू नका, ती पोचण्यापुरती असते. गाडी लावून ठेवा, आणि नवा टायर बसला की त्याच दिवशी स्टेपनीची हवा ६० करून परत डिक्कीत बांधा.